एकाच खुराड्यातील दोन कोंबडे: आपले अनुभव लिहावेत

परसातल्या कोंबड्यांचे खाद्य, अंडी आणि रोग यांविषयी पुष्कळ लिहिले जाते. परंतु एकाच कळपात दोन किंवा अधिक नर सांभाळायचे असतील, तर त्यांच्यातील मारामारी कशी आवरावी, हे ज्याने त्याने स्वतःच्या नुकसानीतूनच शिकायचे, असे बहुधा चालते. म्हणून हा धागा काढला आहे. आपल्याकडे माद्या किती, नर किती, जागा केवढी, भांडण केव्हा सुरू झाले आणि कशाने थांबले, हे शक्य तितक्या तपशिलाने लिहावे. फसलेले उपायही अवश्य लिहावेत. सुरुवात मी करते.

आमचे घर संगमेश्वर तालुक्यात आहे. एकाच खुडूक कोंबडीने उबवलेले दोन गावरान नर आमच्याकडे पाच-सहा महिने एका डालग्याखाली निजत होते आणि त्यांच्यात कधी चोच लागली नाही. होळीच्या सुमारास आमच्या अकरा तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, अंड्यावर आल्या आणि एका सकाळी खुराडे उघडताच हे दोघे एकमेकांसमोर उभे ठाकले. मानेची पिसे छत्रीसारखी फुललेली, डोकी जमिनीलगत आणि डोळे एकमेकांवर रोखलेले. आईने हाकलले, पाणी मारले, तरी ते पुन्हा पुन्हा भिडत राहिले. दहा मिनिटांत सारवलेल्या अंगणात रक्ताचे थेंब पडले आणि धाकट्याच्या तुऱ्याचे एक टोक तुटून लोंबू लागले.

त्यानंतर जी चूक केली ती मीच केली. धाकट्याला पडवीत बारा दिवस वेगळे ठेवले, हळद लावली, जखम सुकली आणि भर दुपारी त्याला पुन्हा कळपात सोडून दिले. थोरला तर धावून आलाच, परंतु ज्या तलंगांबरोबर तो लहानाचा मोठा झाला होता, त्यांनीही त्याला टोचून काढले. कोंबड्या एकमेकींना मुख्यतः डोके आणि तुरा यांवरून ओळखतात, हे मला नंतर कळले. तुरा बदललेला आणि बारा दिवस दृष्टीआड असलेला तो नर त्यांच्या लेखी परका झाला होता. कोणी कोणाला टोचायचे याची कळपात एक उतरंड ठरलेली असते. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थॉर्लेफ श्येल्डेरुप-एब्बे यांनी १९२१ च्या आपल्या प्रबंधात ती प्रथम शास्त्रीय पद्धतीने मांडली. ही उतरंड ठरली की मारामारी ओसरते आणि एखादा पक्षी बाहेर जाऊन परतला की ती नव्याने मांडावी लागते.

दुसऱ्या वेळी मी खुराड्यातच तारेची जाळी लावून त्याला पंधरा दिवस पलीकडे ठेवले आणि दोघांचे खाद्य जाळीलगत ठेवले, म्हणजे ते एकमेकांच्या नजरेसमोर खात. मग रात्री अंधार पडल्यावर त्याला दांडीवर इतरांच्या शेजारी बसवले. पहाटे दार लवकर उघडले आणि दाणे एका जागी न टाकता सगळ्या परड्यात विखरून टाकले. थोरल्याने तीनदा पाठलाग केला, धाकटा पळाला आणि फणसापलीकडे गेल्यावर थोरला माघारी फिरला. हरलेल्याला पळून जायला वाट मिळाली, तर जिंकणारा बहुधा तेवढ्यावर थांबतो. खुराड्याच्या कोपऱ्यात ती वाट नसते आणि जीव तिथेच जातो. आज दोघेही आहेत. धाकटा दिवसभर गोठ्यामागे चरतो.

माण तालुका, जिल्हा सातारा

पळायला वाट हवी, हे अगदी खरे आहे. परंतु आमच्याकडे झाड नाही, आडोसा नाही, नुसते उघडे माळरान आहे. आम्ही चाळीस माद्यांमागे चार नर ठेवतो. गावरान कोंबड्यांत साधारण दहा माद्यांमागे एक नर, हे प्रमाण आम्हाला मानवले आहे. मध्यंतरी अंडी उबवणीसाठी जास्त फळावीत म्हणून मी सात नर ठेवले होते. अंडी काही जास्त फळली नाहीत. उलट सतत नर चढल्यामुळे माद्यांच्या पाठीवरची पिसे गेली आणि त्या दिवसभर छपरावर चढून बसू लागल्या. तीन नर कमी केल्यावर महिनाभरात सगळे शांत झाले.

आडोशासाठी मी आवारात कडब्याच्या पेंढ्या उभ्या केल्या आणि तुराट्यांचे चार तट्टे आडवेतिडवे लावले. कोंबडा तट्ट्यामागे गेला आणि दिसेनासा झाला की पाठलाग करणारा क्षणभर थबकतो आणि मग जमीन उकरू लागतो. पाण्याची भांडी दोनाऐवजी पाच केली आणि ती एकमेकांच्या नजरेआड ठेवली, कारण उन्हाळ्यात आमच्याकडची निम्मी भांडणे पाण्यावरूनच होत असत.

आरवण्याकडे लक्ष द्यावे, असेही मी सुचवेन. आमच्याकडे पहाटे पहिली बांग नेहमी तांबडा कोंबडा देतो आणि बाकीचे त्याच्या मागून आरवतात. जपानमधील नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये हेच दाखवून दिले की, सर्वांत वरच्या क्रमांकाचा नर आधी आरवतो आणि इतर उतरत्या क्रमाने आरवतात. गेल्या श्रावणात एके दिवशी करड्या कोंबड्याने पहिली बांग दिली. त्याच आठवड्यात त्याची आणि तांबड्याची जुंपली. तेव्हापासून क्रम बदललेला ऐकू आला की मी त्या दिवशी शेतावर उशिरा जातो.

गडचिरोली जिल्हा

आमचा अनुभव कटू आहे आणि दोष माझाच आहे. आठवडी बाजारात एक उंच, आखूड पिसांचा, जाड मानेचा असील जातीचा नर दिसला. पिल्ले दणकट होतील या विचाराने तो घेतला आणि आमच्या गावठी कळपात सोडला. आमचे गावठी नर भिडतात, दोन-चार फटके खातात आणि बाजूला होतात. असील बाजूला होत नाही. ही जात पिढ्यान्‌पिढ्या झुंजीसाठीच निवडली गेली आहे आणि समोरचा पळाला तरी त्याचा पाठलाग सुटत नाही. दुसऱ्याच दिवशी माझा आठ महिन्यांचा नर मेलेला सापडला.

असीलला आता बांबूच्या वेगळ्या कुडात तीन माद्यांसह ठेवले आहे आणि कुडाला खालून दोन हात उंचीपर्यंत चटई बांधली आहे, कारण जाळीतून दुसरा नर दिसला तरी तो तारेवर आपटून पाय रक्तबंबाळ करून घेतो. संगमेश्वरच्या ताईंनी लिहिलेला जाळीचा उपाय गावरान कोंबड्यांना लागू पडत असेल, या जातीला नाही. कोंबडबाजारासाठी, म्हणजे कोंबड्यांच्या झुंजींसाठी, त्याला मागायला लोक दोनदा घरी येऊन गेले. मी नकार दिला. प्राण्यांची झुंज लावणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हे तर आहेच. परंतु पायाला पाते बांधलेला कोंबडा मी लहानपणी पाहिला आहे आणि ते पुन्हा पाहण्याची माझी इच्छा नाही.

निफाड तालुका

थोडक्यात लिहितो. विक्रीसाठी राखलेले नऊ नर मी माद्यांपासून पूर्ण वेगळे ठेवतो. माद्या नजरेस पडत नाहीत, तोवर नऊच्या नऊ एका शेडमध्ये फारशी कटकट न करता राहतात. एकदा एक तलंग चुकून आत शिरली आणि पाच मिनिटांत रणकंदन माजले.

पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त, जिल्हा लातूर

जखमांविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते. पायामागचा काटा वयाबरोबर वाढतो आणि दोन-तीन वर्षांच्या नराचा काटा दुसऱ्याच्या छातीत सहज घुसतो. तो कमी करायचा असेल, तर फक्त टोक बारीक कानशीने घासून बोथट करावे. आत हाड आणि रक्तवाहिनी असते, त्यामुळे मुळाशी कापल्यास रक्त थांबत नाही. मी नराला पोत्यात गुंडाळून, डोके झाकून, मांडीवर घेतो. अंधारात तो निपचित राहतो आणि काम दोन मिनिटांत होते.

रक्त दिसले की इतर पक्षी त्याच जागी टोचत राहतात. म्हणून जखम धुऊन त्यावर जांभळे जंतुनाशक लावावे, म्हणजे लाल रंग झाकला जातो. तुऱ्यावरच्या उघड्या जखमेतून देवी रोगाचा विषाणू शिरतो आणि डासांमुळेही तो पसरतो, त्यामुळे पावसाळ्यातली मारामारी मी अधिक गांभीर्याने घेतो. बाहेरून आणलेला नर, तो कितीही शांत असो, तीन आठवडे पूर्णपणे वेगळ्या जागी ठेवावा. भांडणाने एक कोंबडा मरतो. मानमोडीसारखा साथीचा रोग आला तर सगळे खुराडे रिकामे होते.

बीड जिल्हा

सर्वांनी लिहिलेले जवळजवळ सगळे उपाय आम्ही करून पाहिले. जाळी लावली, आडोसे केले, भांडी वाढवली, काटे घासले. तरीही आमचा पांढरा नर दुसऱ्याला खुराड्यात शिरू देत नसे आणि तो बिचारा थंडीत बाभळीवर रात्र काढी. आमच्याकडे सहाच माद्या होत्या. त्यांत दोन नर ठेवायचा हट्ट मी वर्षभर धरला, कारण दोन्ही आमच्याच अंड्यांतले होते आणि कोणाला द्यावा हे मनाला ठरवता येत नव्हते. शेवटी सासूबाईंनी पांढऱ्याला धाकट्या जावेच्या शेतावर नेऊन सोडले. तिथे नऊ माद्या आहेत आणि दुसरा नर नाही.

मी दिवाळीनंतर त्याला पाहायला गेले. बांधावर अळी सापडली की तो ती स्वतः खात नव्हता. चोचीत उचलून खाली टाकत, कुक-कुक करून माद्यांना बोलावत होता. आमच्याकडे त्याने असे केलेले मी एकदाही पाहिले नव्हते. बाभळीवर झोपणारा आमचा नर आता खुराड्यात दाराजवळच्या दांडीवर बसतो आणि पहाटे पहिली बांग तोच देतो.