नैसर्गिक वायुवीजनाच्या कार्यालयासाठी प्रीकास्ट सांगाडा कितपत उपयोगी?

आराखडा_नाशिक:
नाशिकजवळ तळमजला अधिक तीन मजल्यांच्या एका कार्यालयाचा आराखडा सध्या माझ्याकडे आहे. वर्षातील बहुतेक काळ एसीशिवाय काम चालावे, अशी मालकांची अट आहे, आणि बांधकाम लवकर उरकावे म्हणून सल्लागारांनी कॉलम, बीम व स्लॅब प्रीकास्ट, म्हणजे कारखान्यात आधीच ओतून आणलेले, घ्यायला सुचविले आहे. त्यामुळे इमारत थंडही राहील, असे ते म्हणतात. साइटवर ओतलेल्या काँक्रीटपेक्षा कारखान्यातले काँक्रीट अधिक थंड कसे, हे मात्र मला उमगलेले नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

झरोका:
आपली शंका रास्त आहे. उष्णता साठविण्याच्या बाबतीत दोन्हींत काहीही फरक नाही. प्रीकास्टचा खरा लाभ असा, की पोलादी साच्यातून निघालेल्या स्लॅबचा तळ पुरेसा नितळ असल्यामुळे तो गिलावा किंवा फॉल्स सीलिंग न लावता उघडा ठेवता येतो, आणि काँक्रीट खोलीतील हवेला उघडे असेल तरच ते दिवसभराची उष्णता नीट शोषून घेते. ढोबळ हिशेब पाहा: १०० मिमी जाडीच्या एक चौरस मीटर स्लॅबचे वजन २४० किलो भरते, आणि तो तीन अंशांनी तापला तर त्यात सुमारे १८० वॉट-तास उष्णता मुरते. माणसे, संगणक व दिवे मिळून दर चौरस मीटरला २० ते २५ वॉट धरले, तर आठ तासांची उष्णता १६० ते २०० वॉट-तास होते. ही उष्णता रात्री गार वाऱ्याने बाहेर काढली नाही, तर दुसऱ्या दिवशी स्लॅब कर्ज डोक्यावर घेऊनच कामाला लागतो.

वास्तुविशारद मायकेल हॉपकिन्स यांनी इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे करखात्यासाठी बांधलेली, १९९५ च्या सुमारास पूर्ण झालेली कार्यालये अवश्य अभ्यासावीत. तेथील प्रीकास्ट स्लॅब कमानदार असून खालून उघडे आहेत, इमारतींची रुंदी १३.६ मीटरच ठेवल्याने वारा आरपार जातो, आणि काचविटांच्या गोल जिन्यांवरील छत वर उचलून गरम हवा बाहेर सोडता येते. नाशिकला एप्रिलच्या दुपारी पारा ३८ अंशांच्या आसपास जात असला तरी पहाटे तो विशीपर्यंत उतरतो. हा फरक हेच आपले भांडवल. मुंबईत ही युक्ती फारशी चालणार नाही.

सळई_आणि_साचा:
प्रीकास्टमध्ये ‘नंतर पाहू’ चालत नाही. वायरिंगचे पाइप, वायुमार्गाची भोके, पंख्यांचे हुक हे सारे कास्टिंगपूर्वीच्या नकाशावर असावे लागते. प्रीस्ट्रेस्ड (आत ताणलेल्या पोलादी तारा असलेल्या) स्लॅबमध्ये मागाहून कोअर कटिंग करताना, म्हणजे यंत्राने गोल भोक पाडताना, तार तुटली, तर त्याची ताकदच जाते. शिवाय सांध्यांत काटकसर करू नये. २००१ च्या भूज भूकंपात कच्छमधील अनेक प्रीकास्ट शाळांची छते कोसळली, कारण छताचे पट्टे एकमेकांना व आधारांना पुरेसे बांधलेले नव्हते. स्लॅबवर सळ्यांसह ओतलेले टॉपिंग (काँक्रीटचा वरचा थर) व सांध्यांत नीट भरलेले ग्राउट (पातळ सिमेंट-मिश्रण) यांना पर्याय नाही. आयएस १५९१६ ही प्रीकास्ट बांधकामाची भारतीय मानक संहिता हाताशी ठेवावी.

आराखडा_नाशिक:
दोघांचेही आभार. पावसाळ्याचे काय? आणि रात्री खिडक्या उघड्या ठेवायला मालक तयार होतील, असे वाटत नाही.

झरोका:
जुलैत दिवस-रात्रीच्या तापमानात फारसा फरक उरत नाही, त्यामुळे तेव्हा स्लॅबवर भिस्त न ठेवता छताचे पंखेच चालवावेत. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ मधील सूत्रानुसार, नैसर्गिक वायुवीजनाच्या कार्यालयात बाहेरच्या सरासरी तापमानाला ०.५४ ने गुणून १२.८३ मिळविले की सोईचे तापमान मिळते. बाहेर सरासरी २९ असेल, तर आत सुमारे २८.५ चालते. मालकांना हा आकडा दाखवा, म्हणजे ते २४ अंशांचा हट्ट धरणार नाहीत.

रात्रीसाठी मोठ्या खिडक्या बंदच ठेवून त्यांच्यावर, छतालगत, गज व तिरप्या पट्ट्या असलेले झरोके द्यावेत. कबुतरांसाठी व डासांसाठी जाळी लागेलच, आणि तिने वारा अडतो म्हणून झरोक्यांचे क्षेत्रफळ हिशेबापेक्षा सढळ धरावे. उघड्या काँक्रीटमुळे आवाज घुमतो. त्यावर ध्वनिशोषक पट्ट्या उभ्या टांगाव्यात, आडव्या लावल्यास त्या फॉल्स सीलिंगसारखाच स्लॅब झाकतील. त्यांचे हुकही कास्टिंगच्या नकाशात आजच घालून घ्या.