मदत हवी आहे: कंपनीची फराळाची ऑर्डर, ॲडव्हान्स कसा मागायचा?

चिंचवडला घरूनच फराळ करते, 6 वर्षं झाली, आत्तापर्यंत सगळं किलोवर, सोसायटी आणि ओळखीतलंच. यंदा ठरवलं की किरकोळ पाव-पाव किलोच्या मागे पळण्यापेक्षा ऑफिसांना गिफ्ट बॉक्स द्यायचे, म्हणून तीन ठिकाणी सॅम्पल दिलं, दोघांनी नुसतं खाल्लं 😄 आणि एका कंपनीच्या एचआर मॅडम म्हणाल्या 120 बॉक्स हवेत.

बॉक्समध्ये चकली, चिवडा, शेव, शंकरपाळी, बेसन लाडू पाव-पाव किलो, माझा रेट 850, त्यात छापील खोका 90चा (साध्या खोक्यात चकलीचा पार चुरा होतो, करून बघितलंय). त्या 700 म्हणतायत आणि पेमेंट बिलानंतर 45 दिवसांनी. 780 पर्यंत येते म्हटलं तर "बघून सांगते". ॲडव्हान्सचं विचारलं तर म्हणे कंपनीची पॉलिसी नाही.

एफएसएसएआय (खाद्यपदार्थ विकायचं सरकारी) रजिस्ट्रेशन आहे, जीएसटी नाही, कारण उलाढाल त्याच्या 40 लाखांच्या मर्यादेच्या आसपास पण नाही. मदतीला दोघी आहेत, दिवसाला 12 किलो चकली निघते, त्यामुळे माल होईल, पण तूप-बेसन-भाजणीचे पन्नासेक हजार आधी अडकवणं जमणार नाही आणि कर्ज नकोय. शेवेचं वजन कमी करून रेट खाली आणायचा, हे मला पटत नाही.

ज्यांनी कंपन्यांना माल दिलाय त्यांनी सांगा, पहिल्याच ऑर्डरला 50 टक्के ॲडव्हान्स मिळतो का, आणि पॉलिसी नाही म्हणाल्यावर तुम्ही नेमकं काय बोलून तो काढलात?