विक्री साखळीची पर्यावरण उद्दिष्टे आणि आमची शाम्पूची बाटली : प्रश्नावली कशी भरावी?

नमस्कार.

आमचा शाम्पूचा छोटा ब्रँड आहे आणि निम्म्याहून अधिक विक्री एकाच मोठ्या किरकोळ विक्री साखळीतून होते. तिचे नाव येथे मुद्दाम देत नाही. या साखळीने हवामान आणि पॅकेजिंगविषयीची उद्दिष्टे जाहीर केली, तेव्हा ती दुकानांतले दिवे, शीतकपाटे आणि मालमोटारी यांच्यापुरतीच असतील असे मला वाटले होते. गेल्या महिन्यात त्यांच्या खरेदी विभागाची प्रश्नावली आली आणि तो गैरसमज फिटला. बाटलीच्या प्रत्येक भागाचे वजन, त्यातील पुनर्चक्रित प्लास्टिकचे प्रमाण, एका नगामागचे उत्सर्जन आणि २०३० पर्यंत ते किती कमी करणार याची लेखी हमी, एवढे सगळे सहा आठवड्यांत पोर्टलवर भरायचे आहे. उत्तरांवरून गुण मिळतील आणि पुढील वर्षी शेल्फवरील जागा ठरवताना ते ‘विचारात घेतले जातील’, असे पत्रात म्हटले आहे. किती विचारात, ते म्हटलेले नाही.

थोडे वाचन केल्यावर कारण उमगले. ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉल (उत्सर्जन मोजण्याची जगभर वापरली जाणारी नियमावली) याचे २०११ चे मानक मूल्यसाखळीतील, म्हणजे कच्च्या मालापासून ग्राहकाच्या वापरापर्यंतचे, उत्सर्जन १५ वर्गांत मांडते. विकत घेतलेला माल हा त्यातला पहिला वर्ग, आणि दुकानदाराच्या हिशेबात विकत घेतलेला माल म्हणजे आम्हीच. वॉलमार्ट या अमेरिकी विक्री साखळीने २०१७ मध्ये ‘प्रोजेक्ट गिगाटन’ सुरू करून पुरवठादारांच्या साहाय्याने २०३० पर्यंत एक अब्ज टन हरितगृह वायू कमी करण्याचे किंवा टाळण्याचे ठरवले आणि २०२४ मध्ये ते उद्दिष्ट सहा वर्षे आधीच गाठल्याचे जाहीर केले. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये मात्र स्वतःच्या कामकाजातील उत्सर्जनाची २०२५ आणि २०३० ची उद्दिष्टे बहुधा हुकतील, असेही त्याच कंपनीने सांगितले. पुरवठादार म्हणून हे वाचताना थोडी गंमत वाटली, हे कबूल करतो.

आता मूळ अडचण. आमची बाटली टेबलावर ठेवून मी ती सुटी केली. अंग पारदर्शक पीईटीचे (पाण्याच्या बाटल्यांचे नेहमीचे प्लास्टिक). त्याला मानेपासून तळापर्यंत लपेटलेली छापील श्रिंक स्लीव्ह (उष्णतेने आवळून बसणारे वेष्टन) पीईटीजीची, म्हणजे पीईटीच्याच एका प्रकाराची. वरच्या पंपाचे बहुतेक भाग पॉलिप्रॉपिलीनचे, नळी पॉलिइथिलीनची आणि आत स्टीलची बारीक स्प्रिंग व एक काचेची गोळी. प्रश्नावलीत यासाठी ‘पुनर्चक्रणयोग्य : होय / नाही’ एवढा एकच चौकोन आहे. नुसत्या अंगापुरते उत्तर ‘होय’ असेल, पण संपूर्ण बाटलीपुरते ते खरे वाटत नाही.

पुनर्चक्रित प्लास्टिकच्या बाटलीचे नमुनेही मागवले. त्यांना करडी झाक आहे, त्यामुळे आतला फिकट शाम्पू गढूळ दिसतो, आणि बाटली महागही पडते. दर वाढवून मिळणार नाही, असे खरेदी अधिकाऱ्यांनी फोनवर सांगितले. याच साखळीचा स्वतःच्या नावाचा शाम्पू आमच्या शेजारच्याच फळीवर असतो, त्यामुळे कच्चा माल पुरवणाऱ्यांची यादी पोर्टलवर टाकायला मन धजत नाही.

‘होय / नाही’च्या चौकोनात प्रामाणिकपणे काय भरावे, उत्सर्जनाचा आकडा आमच्यासारख्या लहान उत्पादकाने कोठून आणावा, आणि वाढीव खर्चाची बोलणी कोणत्या आधारावर करावी, याविषयी अनुभवी सदस्यांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

प्रतिसाद १

मी पॅकेजिंगच्या क्षेत्रात आहे. आपण बाटली सुटी करून पाहिलीत, हे उत्तम केलेत. बहुतेक जण पुरवठादाराच्या माहितीपत्रकावरून आकडे उतरवतात.

चौकोनात सध्या ‘नाही’ भरावे आणि शेऱ्यात बदलाची तारीख द्यावी. वर्गीकरण केंद्रात अवरक्त किरणांच्या साहाय्याने प्लास्टिक ओळखतात, आणि पूर्ण अंगभर स्लीव्ह असेल तर यंत्राला बाटलीऐवजी स्लीव्हच दिसते. पीईटीजीची आणखी एक खोड अशी की ते पीईटीच्या मानाने कमी तापमानाला मऊ होते. पुनर्चक्रणात दोन्हींचे तुकडे एकत्र वाळवले की गुठळ्या होतात. पाण्यावर तरंगणारी पॉलिओलेफिनची (पॉलिइथिलीन, पॉलिप्रॉपिलीन यांच्या गटातील प्लास्टिकची) स्लीव्ह किंवा अर्ध्याच अंगावरचे लेबल घेतले, तर पीईटी बुडते, लेबल वर राहते आणि दोन्ही वेगळे होतात. धातूची स्प्रिंग नसलेले, पूर्ण प्लास्टिकचे पंपही मिळतात. तरी आधी स्लीव्ह बदला, पंप नंतर. स्लीव्हचा बदल साच्याला हात न लावता होतो. करड्या झाकेसाठी पुनर्चक्रित प्लास्टिकचे प्रमाण कमी ठेवून सुरुवात करावी किंवा बाटलीच फिकट रंगाची करावी. ‘पूर्णपणे पर्यावरणस्नेही’ असे मात्र बाटलीवर छापू नये. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनची ‘ग्रीन गाइड्स’ (पहिली आवृत्ती १९९२, सुधारित २०१२) अशा सरसकट दाव्यांविरुद्धच बजावतात.

प्रतिसाद २

उत्सर्जनाच्या आकड्याबद्दल थोडे. आपण काहीच भरले नाही, तर साखळी आपल्याला दिलेल्या रकमेला त्या उद्योगाचा सरासरी गुणक (दर रुपयामागे किती उत्सर्जन) लावून आकडा काढण्याची शक्यता आहे. त्या पद्धतीची विचित्र बाजू अशी की चांगली बाटली वापरून आपण दर वाढवलात, तर कागदावर आपले उत्सर्जनही वाढते. म्हणून वीजबिले, इंधन, प्लास्टिक आणि रसायनांची किलोमधील खरेदी, वाहतुकीचे अंतर, एवढे एका वर्षाचे जमवा आणि त्यांना प्रकाशित गुणक लावा. आकडा ढोबळ असला तरी चालेल. तो कोणत्या वर्षाचा, कशावरून काढला आणि काय वगळले, हे लिहिलेले असले पाहिजे.

शाम्पूच्या बाबतीत सर्वांत मोठा हिस्सा बहुधा कारखान्यात नसतो, तर ग्राहक केस धुण्यासाठी जे पाणी तापवतो त्यात असतो. प्रोटोकॉलमध्ये वापराच्या काळातील असे अप्रत्यक्ष उत्सर्जन मोजणे ऐच्छिक आहे. साखळी ते धरते की नाही, हे लेखी विचारून घ्या. अन्यथा दोन ब्रँडांच्या आकड्यांची तुलनाच निरर्थक ठरते.

२०३० ची हमी देण्याची घाई नको. एका नगामागे घट आणि एकूण उत्सर्जनात घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विक्री वाढली तर पहिली पाळूनही दुसरी मोडते. पुरवठादारांची यादी देऊ नये. पदार्थनिहाय वजने दिली की त्यांचा हिशेब भागतो.

दराविषयी माझे मत थोडे कडक आहे. दरवाढ मागण्यापेक्षा मागणीची हमी मागा. दोन वर्षांची अंदाजित खरेदी लेखी मिळाली, तर पॅकिंग पुरवठादाराकडे मोठी ऑर्डर देऊन दर उतरवता येतो. आणि नियम साऱ्या फळीला एकाच दिवशी लागू व्हावा, असा आग्रह धरा. वॉलमार्टने २००८ पर्यंत द्रव डिटर्जंट केवळ घट्ट, कमी पाण्याच्या स्वरूपातच ठेवण्याचे ठरवले, तेव्हा सगळ्यांच्याच बाटल्या लहान झाल्या. एकट्याची लहान झाली असती, तर ग्राहकाला वाटले असते की माल कमी दिला.

धागाकर्त्याचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. चौकोनात ‘नाही’ भरतो आहे आणि शेऱ्यात स्लीव्ह बदलण्याची तारीख देतो. साखळीला आज दोन प्रश्न लेखी पाठवले : वापराच्या काळातील उत्सर्जन धरणार का, आणि हेच निकष त्यांच्या स्वतःच्या शाम्पूलाही लागू आहेत का. तरंगणाऱ्या स्लीव्हचे नमुने मागवले आहेत. आमच्या यंत्राच्या बोगद्यात (स्लीव्हला उष्णता देणाऱ्या भागात) त्या नीट आवळतात का, त्यासाठी तापमान किती ठेवावे लागते, हे कोणी स्वतः करून पाहिले असल्यास कृपया लिहावे.