मानशीजवळचा मृतदेह आणि परग्रहावरचा तपासनीस : याला रहस्यकथा म्हणावे का?

साखळीकर
आपल्या वाचक मंडळात गेल्या बैठकीत वाचल्या गेलेल्या हस्तलिखित कथेबद्दल फोंडेकरांनी काल लिहिले की, परग्रहावरचा तपासनीस आला की रहस्यकथा तिथेच संपते, कारण लेखक अडला की त्या पाहुण्याला एक नवे इंद्रिय देऊन मोकळा होतो. हे मत मला मुळीच मान्य नाही. या कथेत मांडवी नदीतल्या चोडण बेटावरच्या खाजनात, म्हणजे खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेल्या शेतात, भात उभे असताना, मृतदेह सापडतो. परक्या तपासनिसाला पाण्यातला खारटपणा नुसत्या स्पर्शाने कळतो, हे लेखकाने पहिल्या चार पानांतच सांगून टाकले आहे. मृताच्या कपड्यांत नदीचे खारे पाणी मुरलेले आहे, म्हणून तो मानशीतून, म्हणजे बांधातल्या पाणी अडवणाऱ्या दारांतून, वाहत आत आला, असा निष्कर्ष तो काढतो आणि तिथेच चुकतो. भरती चढू लागली की पाण्याच्या दाबानेच मानशीची दारे मिटतात आणि ओहोटीला उघडतात तेव्हा प्रवाह आतून बाहेर जातो, हे बांधावर वाढलेल्या, कथेतल्या आपल्या पोलीस निरीक्षकाला ठाऊक आहे. म्हणजे मृतदेह कोणीतरी बांधावरून उचलून आत टाकला. यात फसवणूक कुठे आहे? अमेरिकी विज्ञानकथा मासिकाचे संपादक जॉन कॅम्पबेल यांनाही विज्ञानकथा आणि रहस्यकथा एकत्र नांदणार नाहीत असे वाटत होते. आयझॅक असिमोव्ह यांनी माणूस आणि यंत्रमानव यांच्या जोडीची कादंबरी लिहून त्यांना उत्तर दिले, ती 1954 साली पुस्तकरूपाने आली. त्याआधी, 1950 मध्येच, हाल क्लेमंट यांच्या कादंबरीत एका मुलाच्या शरीरात राहणारा परका पोलीस येऊन गेला होता.

फोंडेकर
मोठी नावे घेतल्याने ही कथा मोठी होत नाही. इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी 1929 मध्ये रहस्यकथेचे जे नियम मांडले, त्यांत अलौकिक शक्ती वर्ज्य आहे आणि तपासनिसाला सापडलेला प्रत्येक दुवा वाचकालाही तत्काळ दाखवावा लागतो. स्पर्शाने खारटपणा कळणे ही अलौकिक शक्ती नव्हे, असे क्षणभर धरून चालू. पण कथा श्रावणात घडते, आणि श्रावणात पावसाच्या पाण्याने मांडवीचा खारेपणा इतका उतरलेला असतो की नदीचे पाणी आणि शेतातले पाणी यांतला फरक सांगणे अवघड व्हावे. ज्या दुव्यावर सगळा तपास उभा आहे, तो दुवाच त्या महिन्यात अस्तित्वात नाही. शिवाय कापणीनंतर मासळीसाठी मानस मुद्दाम उघडी ठेवून खारे पाणी आत घेतात, याचा उल्लेख लेखकाने कुठेही केलेला नाही.

चोडणची सून
फोंडेकर, तुम्ही भरतीच्या वेळी मानशीवर कधी उभे राहिला आहात का? माझ्या सासऱ्यांनी लिलावात घेतलेली मानस बारा वर्षे सांभाळली. भात उभे असताना त्यांनी खाऱ्या पाण्याचा एक थेंब आत येऊ दिला नाही, कारण एका चुकीने साऱ्या शेजाऱ्यांचे पीक जळते. कापणीनंतरची पद्धत तुम्ही भात उभे असतानाच्या कथेवर लादत आहात. माझी तक्रार वेगळी आहे आणि ती मला अधिक गंभीर वाटते. कथेतला मानस राखणारा म्हातारा "ओहोटीच्या वेळी मला पाण्यात काही दिसले नाही" असे छापील मराठीत सांगतो. आमच्याकडे ओहोटीला सुकती म्हणतात. आमची माणसे आमच्याच कथेत परकी का बोलतात?

म्हापशाचे वकील
भाषेचा हा प्रश्न मला घरून ठाऊक आहे. माझे वडील एका बुडालेल्या होडीच्या प्रकरणात पंच होते. त्यांनी कोकणीत सांगितले, पंचनामा इंग्रजीत लिहिला गेला, आणि वाचून न दाखवताच त्यांची सही घेतली गेली. काही वर्षांनी उलटतपासणीत त्यांना विचारले गेले की होडी बांधाच्या आत होती की बाहेर, कारण त्यांनी म्हटले होते "आत" आणि कागदावर उमटले होते "नदीच्या बाजूला". भर न्यायालयात त्यांना खोटे ठरवले गेले. त्यानंतर त्यांनी कोणत्याही कागदावर सही करणेच सोडले. पाहुणा विचार वाचू शकत असता तरी कथेतल्या निरीक्षकाचे काम भागले नसते, कारण संमतीशिवाय नार्को किंवा मेंदूची चाचणी घेता येणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये सेल्वी खटल्यात ठरवले आहे. पोलीस कुत्र्याने काढलेल्या मागाबाबतही कुत्र्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करता येत नाही, ही अडचण न्यायालयाने नोंदवलेली आहे. परक्याला जे कळले, ते शेवटी माणसानेच माणसांच्या भाषेत शपथेवर सांगायचे असते.

फोंडेकर
आपण कथेबद्दल बोलत होतो. पंचनाम्याच्या भाषेची व्यथा खरी आहे, पण तिने माझ्या आक्षेपाचे उत्तर मिळत नाही, आणि मी मानशीवर उभा राहिलो आहे की नाही, हा वैयक्तिक प्रश्न मला अपमानास्पद वाटला.

चोडणची सून
अपमान करण्याचा माझा हेतू नव्हता, तरी प्रश्न मागे घेत नाही. भाषेचा मुद्दा कथेबाहेरचा नाही. पाहुणा पुस्तकांतून मराठी शिकला आहे, असे लेखकच सांगतो. म्हातारा "सुकतेवेळार" म्हणाला असता, तर पाहुण्याने पाणी सुकले होते असा अर्थ घेतला असता, मृतदेह कोरड्यात पडून होता असे मानले असते, आणि त्याची चूक त्या एका शब्दातून उगवली असती. दुवा वाचकाच्या डोळ्यांसमोर राहिला असता आणि आपल्या निरीक्षकाशिवाय तो कोणालाही उकलला नसता.

साखळीकर
हे मला सुचले नव्हते. मी ज्या चुकीचे कौतुक केले, तिच्यापेक्षा ही चूक निश्चितच चांगली आहे.

फोंडेकर
सुकतीचा दुवा नॉक्स यांच्या नियमांत बसतो, एवढे मला मान्य करावे लागते. असा पाहुणा मला चालेल, कारण त्याला आपल्यापेक्षा कमी कळते. मात्र लेखकाने कथा श्रावणातून काढून आश्विनात, कापणीच्या तोंडाशी आणावी, जेव्हा पाऊस ओसरून मांडवीचा खारेपणा पुन्हा चढू लागतो. तोवर या हस्तलिखिताबद्दलचे माझे मत बदलणार नाही.