गच्चीवरची भाजीबाग निम्मी करायची आहे. काय ठेवू, काय काढू?

मृद्गंध_पुणे
पुण्यात गच्चीवर ४६ कुंड्या-पिशव्या आहेत: ६ अर्धे ड्रम (२०० लिटरचा ड्रम मधोमध कापून), १५ × १५ इंचाच्या २२ ग्रो-बॅग, १८ बादल्या. ड्रमात शेवगा, कढीपत्ता, तोंडली, दुधी, कारली. बाकी वांगी, टोमॅटो, मिरची, भेंडी, पालेभाज्या, अळू, गवती चहा. पाणी पाइपने, रोज दीड तास जातो. भेंडीची पानं पिवळ्या शिरांची झालीत, वांग्यात अळी आहे, मिरचीला बोकड्या (पानं आकसण्याचा रोग). त्यात मे महिन्यात तीन आठवडे घर बंद राहणार. प्रत्येक भाजीची निम्मी झाडं काढावीत असा विचार आहे. बरोबर आहे का?

परसदार
नाही. निम्मी-निम्मी काढलीत तर कामं तेवढीच राहतील आणि भाजी एका वेळचीही निघणार नाही. चार माणसांना दिवसाआड भेंडी पुरायची तर ८-१० झाडं लागतात. पाच झाडांची मूठभर निघते, आणि ती जमेपर्यंत आधीची जून होते. लावायची तर पुरेशी, नाहीतर अजिबात नाही.

काढताना झाडं मोजू नका, रोजची कामं मोजा. टोमॅटोला आधार, बगलफूट (पानाच्या बेचक्यातले फुटवे) खुडणं, फवारणी. वर दिवसाचं तापमान ३५ अंशांपुढे गेलं की फुलं गळतात. एप्रिलमध्ये त्याला पाणी घालून काही हाती लागत नाही. पिवळ्या शिरांची भेंडी आजच उपटा. तो विषाणू आहे, पांढरी माशी पसरवते, औषधाने झाड बरं होत नाही. वांग्याचे सुकलेले शेंडे दोन इंच खालून, अळीसकट कापून नष्ट करा. कंपोस्टमध्ये नको, तिथून पतंग बाहेर पडतात. खोडवा (छाटलेल्या झाडाच्या फुटव्यावर दुसरं पीक) घ्यायचा मोह होईल, पण अळी तिथेच मुक्काम ठोकून असताना त्यात अर्थ नाही.

ठेवायचं ते कढीपत्ता, शेवगा, तोंडली, अळू, गवती चहा, पुदिना आणि मायाळू. शेवगा तीन-चार फुटांवर छाटत राहिलात तर निदान पाल्याची भाजी हुकमी मिळते. मिरचीची चार निरोगी झाडं घराला पुष्कळ होतात. दुधी आणि कारली मात्र पुढच्या जूनपर्यंत बंद.

तुळईवरची_बाग
भाज्यांआधी वजन बघा. ओल्या साध्या मातीचं लिटरला सुमारे १.६ किलो धरा. अर्ध्या ड्रमात ९० लिटर, म्हणजे १४५ किलोच्या आसपास, तेही जेमतेम पाव चौरस मीटरवर. वापरातल्या गच्चीसाठी आयएस ८७५ (भाग २) या इमारतींवरच्या भाराच्या भारतीय मानकात चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो भार धरलेला असतो. आजूबाजूच्या रिकाम्या जागेमुळे थोडं निभावतं, पण स्लॅबच्या मध्यावर ड्रमांची रांग नको. कमी करताना मधले आधी रिकामे करा; राहतील ते तुळई (बीम) किंवा खांबावर, दोन विटांवर ठेवा म्हणजे खाली ओल धरणार नाही.

ठिबकवाला
सध्याचं उन्हाळी पाणी: ड्रमला ६ लिटर, बॅगला ३, बादलीला दीड. एकूण सव्वाशे लिटरच्या वर. सगळ्या बादल्या आणि १२ बॅगा काढल्यात तर ६६ लिटर. वर दोन-तीन इंच पालापाचोळा टाकला की आणखी उतरेल.

मे महिन्यासाठी ठिबक बसवा: १६ मिमीची मुख्य नळी, त्यातून ४ मिमीच्या बारीक नळ्या. दुकानदार दाब-नियंत्रित ड्रिपर (दाब बदलला तरी सारखंच पाणी सोडणारे) गळ्यात मारतो. ते घेऊ नका. टाकी एक मीटर उंच असेल तर दाब मिळतो ०.१ बार, आणि त्या ड्रिपरला साधारण अर्धा ते एक बार लागतो. फिरवून कमी-जास्त करता येणारे साधे ड्रिपर घ्या. टायमरही बॉल व्हॉल्व्हचा, शून्य दाबावर चालणारा. सोलेनॉइडचा (विजेच्या चुंबकावर चालणारा) एवढ्या कमी दाबावर बहुधा उघडतच नाही. टाकीनंतर जाळीचा फिल्टर हवाच, नाहीतर शेवाळ्याने ड्रिपर चोंदतात. निघण्याच्या आठ दिवस आधी चालू करून प्रत्येक ड्रिपरखाली वाटी ठेवून मोजा, शेवटच्या टोकाला हमखास कमी निघतं.

मृद्गंध_पुणे
धन्यवाद. मग बादल्या आणि १२ बॅगा रिकाम्या करते, मध्यावरचे दोन ड्रमही. त्यांतल्या मातीचं काय? टाकवत नाही हो.

परसदार
टाकू नका. मुळं धुऊन बघा. गाठी दिसल्या तर सूत्रकृमी (मुळांत शिरणारे अतिसूक्ष्म कृमी) आहेत, ती माती वेगळी ठेवा. ओली करून पारदर्शक प्लास्टिकखाली एप्रिल-मे मध्ये चार ते सहा आठवडे कडा दाबून तापवा. काळं प्लास्टिक नको, त्याखाली माती तेवढी तापत नाही. गाठी नसतील तर चाळून, तीन भाग मातीला एक भाग कंपोस्ट घालून गोणीत भरा.

जूनमध्ये पुन्हा दोन-चार बॅगा भराव्याशा वाटल्या तर आधी हिरवळीचं खत म्हणून ताग पेरा, ४०-४५ दिवसांनी फुलं येण्याआधी कापून त्याच मातीत गाडा. रिकाम्या बादल्या मात्र उपड्या करूनच ठेवा. पावसाच्या साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डास तयार होतात. आणि चाळलेला कचरा पन्हाळीच्या तोंडाशी जाऊ देऊ नका.