फोर्टात एक कॅथेड्रल, कुलाब्यात दुसरं. कॅथलिक-प्रोटेस्टंट नक्की कशावरून फुटले?

चर्चगेट_स्लो:
ऑफिस हॉर्निमन सर्कलपाशी, जेवण झालं की चक्कर मारताना सेंट थॉमस कॅथेड्रल रोज दिसतं. परवा कुलाब्यात गेलो तर तिथे होली नेम कॅथेड्रल. म्हटलं इतक्या जवळ दोन-दोन कशाला? आमच्याकडे एक वसईचा आहे आणि एक नगरचा, दोघंही ख्रिश्चन. मोतमावलीच्या (वांद्र्याची माउंट मेरी) जत्रेला जाणार का विचारलं तर वसईवाला म्हणे दरवर्षी जातो, नगरवाला हसून म्हणे आमच्यात मेरीला नवस बोलत नाहीत. पुढे विचारायला संकोच वाटला. भांडण मूर्तीवरून झालं होतं का?

गिरगावकर७२:
मूर्ती नंतर आली, सुरुवात पैशावरून. जर्मनीत आल्ब्रेख्त नावाच्या माणसाला माइन्झचा आर्चबिशप व्हायचं होतं, त्यासाठी रोमला भरायची रक्कम त्याने फुगर या सावकारांकडून उचलली, मग ते फेडायला इंडल्जन्स म्हणजे माफीपत्रं विकायची परवानगी मिळाली, अर्धे पैसे सावकाराला आणि अर्धे रोममधल्या सेंट पीटर्सच्या बांधकामाला. टेट्झेल नावाचा साधू गावोगाव फिरून विकायचा. विटेनबर्गच्या राजाने त्याला आपल्या हद्दीत येऊ दिलं नाही तर लोक हद्द ओलांडून जाऊन घेऊन यायचे 😀 तिथला प्राध्यापक मार्टिन ल्यूथर, स्वतः मठातला साधू, त्याने ३१ ऑक्टोबर १५१७ ला ९५ मुद्दे लिहून त्याच आल्ब्रेख्तला पाठवले. दारावर खिळ्याने ठोकले ही गोष्ट खरी की नंतर रंगवलेली यावर अजून वाद आहे. १५२१ मध्ये पोपने त्याला धर्माबाहेर काढलं.

वसईकरीण:
थोडं दुरुस्त करते, मी कॅथलिक. पाप विकत माफ होतं असं चर्चने कधी शिकवलं नव्हतं. पाप कन्फेशनला माफ होतं, त्याची शिक्षा उरते, ती मेल्यावर शुद्धिस्थानात भोगावी लागते आणि ती कमी करायला इंडल्जन्स. पण बाजारात विकणारा एवढं समजावत बसत नाही ना, त्याला गल्ला भरायचाय. कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या सभेने (१५४५ ते १५६३) हे फिरते वसुलीवाले बंद केले, म्हणजे आमच्यातही सुधारणा झालीच, फक्त उशिरा. खरा तिढा पुढचा होता. ल्यूथर म्हणाला तारण फक्त विश्वासाने आणि शेवटचा शब्द फक्त बायबलचा, पोपचा नाही. एकदा हे मानलं की संतांची मध्यस्थी, मेरीला नवस, सगळंच गळून पडतं. तुमच्या नगरवाल्याचं उत्तर तिथून आलंय.

पायी_वारी:
म्हणजे आपल्या ज्ञानोबांसारखंच की, लोकांच्या भाषेत धर्म आणला! त्यानेही बायबल जर्मनमध्ये केलं ना?

गिरगावकर७२:
केलं, नवा करार १५२२ ला आणि पूर्ण १५३४ ला. पण तुलना तिथेच थांबवा. माउलींच्या पाठीशी कोणी राजा नव्हता आणि छापखानाही नव्हता, ल्यूथरकडे दोन्ही होतं. आणि १५२५ मध्ये शेतकऱ्यांनी बंड केलं तेव्हा हाच ल्यूथर राजांच्या बाजूने उभा राहिला, फार जहाल लिहिलं त्याने. माझं स्पष्ट मत, राजांना रोमच्या वरवंट्याखालून सुटायचं होतं म्हणून हे टिकलं. प्रोटेस्टंट हे नावही १५२९ ला श्पायरच्या सभेत काही राजांनी आणि शहरांनी निषेध (प्रोटेस्ट) नोंदवला त्यावरून पडलंय. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीला तर फक्त पहिलं लग्न मोडायचं होतं.

वसईकरीण:
गंमत बघा, हेन्री १५३४ ला स्वतःच चर्चचा प्रमुख झाला आणि त्याच वर्षी वसई पोर्तुगीजांना मिळाली. म्हणून आम्ही कॅथलिक. मुंबई बेटही त्यांचंच, ते १६६१ च्या करारात कॅथलिक राजकन्येच्या हुंड्यात प्रोटेस्टंट इंग्रज राजाकडे गेलं. तुमचं सेंट थॉमस १७१८ चं, कंपनीच्या इंग्रजांचं. होली नेम आमच्या आर्चबिशपचं.

चर्चगेट_स्लो:
आणि नगर?

गिरगावकर७२:
अमेरिकन मराठी मिशन, हे प्रोटेस्टंट मिशनरी. १८१३ ला मुंबईत आले, १८३१ ला नगरला गेले. त्यांचे पाळक, आमचे फादर म्हणणार होतो पण मी तर हिंदू 😅

वसईकरीण:
पाळकांना लग्न करता येतं, फादरना नाही, हे पण विचारून घ्या त्याला. नाताळात मात्र दोघांच्याही घरी जा, आमच्याकडे खायला तळलेले फुगे मिळतील.