'मवाळ मुसलमान' म्हणावं का, आणि 'निषेध' कोणी कोणाचा करायचा?

आर्वीवाला:
राजेहो, एक शब्द अडला. आमच्या गावच्या वाचनालयाचं भित्तिपत्रक निघते, त्यासाठी बारावीतल्या एका पोट्ट्यानं लेख आणला. विषय मोठा, अतिरेकी लोक माणसं मारतात, मूर्त्या-मजारी फोडतात, त्याच्याविरुद्ध मॉडरेट मुसलमानांनी तोंड उघडलं पाहिजे का. लेख बरा आहे पण जागोजागी 'मवाळ मुसलमान' लिहिलंय आणि ते मला खटकून राह्यलं. मवाळ म्हटलं की १९०७ चं सुरत आठवते, गोखले मवाळ, टिळक जहाल. पण दोघं एकाच काँग्रेसचे ना बाप्पा, जायचं एकाच गावाला, एक बैलगाडीनं निघाला अन् एक मोटारीनं. मग आमच्या गावचा पंक्चरवाला 'मवाळ' म्हणजे त्यालाही बॉम्बवाल्याच्याच गावाला जायचंय, फक्त हळूहळू, असा अर्थ नाही का निघत?

पुसदकर:
मग नेमस्त लिहा. मवाळांना नेमस्तच म्हणत. मापात राहणारा. आमची आजी म्हणे, जेवण नेमस्त पाहिजे.

परतवाड्याचा:
पुसदकर भाऊ, तिथंच घोळ आहे. माझे अब्बा पाच वक्त नमाजी, तीसच्या तीस रोजे, त्यात मापबीप काही नाही. नेमस्त म्हटलं तर धर्म जरा कमी पाळणारा, म्हणजे पूर्ण पाळला की माणूस बिघडते हे आपण आधीच कबूल करून बसलो. उर्दूत एतदालपसंद म्हणतात. एतदाल म्हणजे तोल, भाजीत मीठ बरोबर पडणं, कमी पडणं नव्हे. कुराणात दुसऱ्या सूऱ्यात 'उम्मतन वसतन' आहे, मधली उम्मत, म्हणजे मध्यावर राहणारा समाज. मराठीत याला एक शब्द मला तरी सापडला नाही.

रिटायर गुर्जी:
विरुद्धार्थी शब्द पाहा म्हणजे गंमत कळेल. कट्टर. आमच्या गावात निम्म्या मोटरसायकलींवर मागे 'कट्टर' लिहिलेलं आहे, पुढे नाव वेगवेगळं. आपल्या पोराचा कट्टर म्हणजे कौतुक, दुसऱ्याच्या पोराचा कट्टर म्हणजे पोलीस केस. एकच शब्द, फक्त गाडी कोणाची ते पाहून अर्थ लावायचा.

परतवाड्याचा:
😄 गुर्जी बरोबर. आता 'निषेध' पण घ्या. संस्कृतात निषेध म्हणजे मनाई, हिंदीत अजून तेच, स्टेशनवर 'धूम्रपान निषेध' लिहिलेलं असते. मराठीत मात्र निषेध म्हणजे सभेत हात वर करून ओरडणं, किंवा ठराव. आम्ही उर्दूत म्हणतो मजम्मत. ती तर लय झाली भाऊ. २००८ च्या फेब्रुवारीत देवबंदच्या दारुल उलूमनं मोठी सभा घेऊन दहशतवाद इस्लामविरोधी ठरवला. त्याच वर्षी २६/११ नंतर मुंबईच्या 'बडा कब्रस्तान'वाल्यांनी त्या नऊ अतिरेक्यांना माती द्यायला नकार दिला. मुसलमानासाठी दफनाला नाही म्हणणं म्हणजे काय ते विचार करा, याच्यावरची मजम्मत मला माहीत नाही. २०१४ मध्ये शंभरावर आलिमांनी, म्हणजे धर्मपंडितांनी, आयसिसच्या बगदादीला जाहीर पत्र लिहून मुद्देसूद खोडून काढलं. २०२५ च्या एप्रिलात पहलगाम झालं तर काश्मिरात दुकानं बंद ठेवून लोक रस्त्यावर आले. अन् तरी दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर मला विचारते, काऊन भाऊ तुमचे लोक गप्प काऊन? हा निषेध नाही, ही हजेरी आहे.

आर्वीवाला:
हजेरी शब्द चांगला काढला, आपल्याकडे 'हजेरी घेणे' म्हणजे झापणं पण होते.

झापण्यावरून एक सांगतो. २००१ चा मार्च, मी नववीत. तालिबाननं बामियानचे बुद्ध उडवले, एक पंचावन्न मीटर उंच, दुसरा अडतीस, दीड हजार वर्षं उभे होते डोंगरात. आमच्या गावात निम्मी वस्ती बौद्ध, ५६ साली नागपूरला दीक्षाभूमीवर गेलेली म्हातारी माणसं तेव्हा जिवंत होती. संध्याकाळी विहारात सगळे गोळा झाले, कोणी बोलत नव्हतं. तेवढ्यात टेलर मास्तर आले, मुसलमान, चौदा एप्रिलचे निळे झेंडे दरवर्षी त्यांच्याच मशीनवर शिवले जायचे. गळ्यात टेप तसाच लटकलेला. चप्पल बाहेर काढून मागच्या सतरंजीवर बसले. कोणीतरी पोट्ट्यानं टोकलंच, काय मास्तर, तुमच्याइनं केलं ना? मास्तर म्हणाले, "बाबू, मी गिरडच्या टेकडीवर जातो ना फरीदबाबाच्या दर्ग्यावर, त्याइच्या हिशोबानं थे बी बुतच हाये, मूर्तीच. आज तुमचा नंबर लागला, उद्या आमचा हाये."

तेव्हा काही समजलं नाही. २०१२ ला आफ्रिकेत, मालीतल्या टिंबक्टूत त्याच विचाराच्या लोकांनी कुदळी घेऊन सूफी संतांच्या मजारी फोडल्या तेव्हा मास्तर आठवले. तिथले हस्तलिखितं मुसलमान माणसांनीच पत्र्याच्या पेट्यांत भरून, नावेनं, गाडीनं राजधानी बामाकोला पळवून वाचवले. २०१५ ला सीरियातल्या पाल्मिराचे पुरातत्त्ववाले खालिद अल-असद, सगळं आयुष्य तिथल्या दगडांत गेलेलं, ऐंशी ओलांडलेला माणूस, लपवलेल्या वस्तू कुठं आहेत ते सांगितलं नाही म्हणून आयसिसनं मुंडकं छाटलं त्यांचं. याला मवाळ म्हणता येते का सांगा.

वणीकर:
मास्तर भारी माणूस, पण मास्तर विहारात बोलले. मशिदीत बोलले का? खरा प्रश्न तो आहे. दुसऱ्यांत बसून वाईट म्हणणं सोपं, घरच्यांसमोर म्हणणं जड. हमीद दलवाईंनी १९६६ मध्ये सात मुस्लिम बायका घेऊन विधानभवनावर मोर्चा नेला तलाकच्या विरोधात, फक्त सात, आणि शिव्या स्वतःच्याच समाजाच्या खाल्ल्या. मला वाटते मागायचंच असेल तर ते मागा, अन् तेही मौलाना, पुढारी, ज्याचं चार लोक ऐकतात त्याला. पंक्चरवाल्याला नाही.

आर्वीवाला:
वणीकर, हे एकदम पटलं आणि त्यासाठी आपल्या भाषेत शब्द आहे, 'बोलणे'. विभक्ती पाहा फक्त. कोणाच्या विरुद्ध बोलणं वेगळं, कोणाबद्दल बोलणं वेगळं, आणि कोणाला बोलणं वेगळं. सासू सुनेला बोलली म्हणजे काय ते सगळ्याइले माहीत. बोलणी घरच्यालाच बसतात, परक्याला कोणी बोलत नाही, परक्याचा निषेध करतात. मास्तर मशिदीत पण बोलले होते. बाहेरून आलेला एक वक्ता सांगून राह्यला होता की दर्ग्यावर जाणं हराम, जे जातात ते मुसलमानच नाही. मास्तर भर जमातीत त्याले बोलले, तो रात्रीच्या यष्टीनं गेला म्हणतात. याचं कुठं छापून आलं नाही, कसं येणार.

पुसदकर:
मग लेखात काय ठेवलं शेवटी?

आर्वीवाला:
'मवाळ' काढायला लावला, नुसतं 'मुसलमान' ठेवलं. 'निषेध केला पाहिजे' च्या जागी 'आपल्या माणसांना बोललं पाहिजे'. पोट्टा म्हणते सर हे वऱ्हाडी वाटते. म्हटलं वाटू दे. फक्त मथळ्यात 'मवाळ' तसाच राहिला, ते त्यानं आधीच स्केचपेननं रंगवून ठेवलं होतं.